लो-फॅट ताकाचं पोषणमूल्य: तक्त्यातले आकडे घरच्या ताकाला लावायचे का?

मोजमाप

आहाराच्या नोंदीत ताक कोणत्या आकड्यांनी लिहायचं, याचं नेमकं उत्तर हवंय. अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्यात ‘लो-फॅट बटरमिल्क’ला १०० ग्रॅममागे ४० कॅलरी, ३.३ ग्रॅम प्रथिनं, ०.९ ग्रॅम फॅट, ४.८ ग्रॅम कर्बोदकं आणि ११६ मिग्रॅ कॅल्शियम दिलंय. हे तर जवळजवळ दूधच झालं. दही घुसळून, लोणी काढून, दुप्पट पाणी घातलेलं ताक इतकं भरीव असेल असं दिसायला तरी वाटत नाही. काही पाकिटांवर याच्या निम्म्याहूनही कमी आकडे असतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लोणी काढल्यावर प्रथिनं आणि कॅल्शियम किती कमी होतं? ताकात उरलेलं फॅट घरच्या घरी कसं काढायचं? आणि नोंदीत शेवटी कोणता आकडा टाकायचा?

---

अदमुरं

तक्ता बरोबर आहे, पण तो वेगळ्या पदार्थाचा आहे. कमी फॅटच्या दुधात लॅक्टोकॉकस जातीच्या जिवाणूंचं विरजण घालायचं, २०-२२ अंशांना १२ ते १६ तास ठेवायचं आणि घट्ट झालं की ढवळायचं, असं ते कल्चर्ड बटरमिल्क. त्यातून लोणी काढलेलं नसतं आणि त्यात पाणीही घातलेलं नसतं. म्हणून आकडे दुधाचेच दिसतात. घुसळून पाणी घातलेल्या ताकाला ते लावले तर प्रथिनं आणि कॅल्शियम अडीच-तीन पट जास्त लिहिली जातात.

लोणी काढल्यावर जातं ते फॅट, आणि त्याच्याबरोबर अ जीवनसत्त्व. तीन चतुर्थांश फॅट काढलं तर अ जीवनसत्त्वही साधारण तेवढंच गेलं असं समजा. प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम, बी२, बी१२ हे सगळं फॅटबाहेरच्या भागात असतं आणि ताकातच राहतं. लोण्यात प्रथिनं शेकडा एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १६ ग्रॅम लोण्याबरोबर ०.१५ ग्रॅम. ती सोडून द्या.

आता हिशेब. साध्या, साय न काढलेल्या दुधाच्या दह्यात १०० ग्रॅममागे ६१ कॅलरी, ३.५ ग्रॅम प्रथिनं, ३.३ ग्रॅम फॅट, ४.७ ग्रॅम कर्बोदकं, १२१ मिग्रॅ कॅल्शियम धरा. असं ५०० ग्रॅम दही घेतलं, तर एकूण ३०५ कॅलरी, १७.५ ग्रॅम प्रथिनं, १६.५ ग्रॅम फॅट, ६०५ मिग्रॅ कॅल्शियम. त्यात एक लिटर पाणी घालून घुसळलं आणि १६ ग्रॅम लोणी निघालं. ताज्या लोण्यात पाणी बरंच असतं, त्यामुळे त्यातलं फॅट १२.५ ग्रॅमच्या आसपास. ताकात उरलं ४ ग्रॅम. कॅलरी ३०५ मधून ११२ वजा करून १९३. ताक साधारण १४८४ ग्रॅम.

त्यातला २५० ग्रॅमचा एक ग्लास म्हणजे ३२-३३ कॅलरी, २.९ ग्रॅम प्रथिनं, ०.७ ग्रॅम फॅट, ४ ग्रॅम कर्बोदकं आणि १०० मिग्रॅच्या थोडं वर कॅल्शियम. तक्त्यातल्या दाट बटरमिल्कचा तेवढाच ग्लास १०० कॅलरी, ८.२ ग्रॅम प्रथिनं आणि २९० मिग्रॅ कॅल्शियम देतो. तितकी प्रथिनं या पातळ ताकातून हवी असतील तर ७०० मिली प्यावं लागेल.

हलकेपणाचं श्रेय सगळे लोणी काढण्याला देतात, पण मोठा वाटा पाण्याचा आहे. हेच ताक लोणी न काढता प्यायलं तर ग्लासाला ५१ कॅलरी. लोणी काढून वाचल्या १८-१९. पाणीच घातलं नसतं तर त्याच ग्लासात १५२ कॅलरी होत्या, म्हणजे पाण्याने शंभर कमी केल्या. फक्त लोणी जाताना प्रथिनं जागेवर ठेवून जातं, पाणी मात्र सगळंच पातळ करतं.

नोंदीसाठी सूत्र सोपं आहे: दह्याचा आकडा × दह्याचं वजन, त्यातून काढलेलं फॅट वजा, भागिले ताकाचं एकूण वजन, गुणिले तुमचा ग्लास. ‘ताक, १ ग्लास’ अशी तयार नोंद कोणत्याही ॲपमधून उचलू नका. ती भरणाऱ्याने किती पाणी घातलं होतं हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

---

रवीदोर

अदमुरं यांचा हिशेब पटला, पण त्यातला ‘१६ ग्रॅम लोणी निघालं’ हा भाग घरी सहसा इतका सरळ होत नाही. लोणी न निघता सगळं फॅट ताकातच राहणं आणि तरीही ते लो-फॅट म्हणून लिहिलं जाणं, ही खरी गफलत.

घुसळताना दह्याचं तापमान १२ ते १५ अंश हवं. या तापमानाला दुधातलं फॅट थोडं घट्ट, थोडं मऊ असतं, त्यामुळे कण एकमेकांवर आपटले की चिकटतात आणि गोळा जमतो. दही २५ अंशांच्या वर गेलं की फॅट फार मऊ होतं, गोळा न होता बारीक थेंबांनी ताकात विखुरतं. ताकावर तेलकट तवंग दिसतो तो हाच. फार गार, म्हणजे ५-६ अंशांवर, नुसता फेस येत राहतो आणि वेळ जातो. आधी दही पाणी न घालता किंवा थोड्याच पाण्यात फोडून घ्या, लोण्याचे दाणे मोहरीएवढे दिसू लागले की मग बर्फाचं पाणी घाला. सगळं पाणी सुरुवातीलाच ओतलं तर कण लांब लांब राहतात आणि गोळा जमायला उशीर लागतो.

मिक्सर चालतो, पण झटके देऊन, ५-१० सेकंदांच्या टप्प्याने. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि पातं जमलेले दाणे पुन्हा फोडतं.

आता मुख्य अडचण. दूध होमोजिनाइज्ड असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. त्यात फॅटचे कण ३-४ मायक्रॉनवरून एका मायक्रॉनच्या आसपास आणलेले असतात आणि त्यांच्यावर केसीनचा, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाचा, थर चढलेला असतो. ते एकमेकांना चिकटत नाहीत. दूध तापवून गार केल्यावर वर जाड साय धरत नसेल, तर त्या दह्यातून लोण्याची अपेक्षा सोडा. त्यातलं फॅट होतं तेवढंच ताकात आहे असं लिहा.

उरलेलं फॅट मोजायचं कसं? लोण्याचं वजन फसवं असतं, कारण त्यात कोणाच्या १८ टक्के पाणी तर कोणाच्या ३०. त्यापेक्षा लहान कढई रिकामी तोला, त्यात लोणी टाकून मंद आचेवर कढवा, बुडबुडे आणि तडतड थांबली की विस्तव बंद. निवल्यावर कढईसकट पुन्हा वजन करा. ओतून मोजू नका, एवढ्याशा तुपात दोन-तीन ग्रॅम कढईलाच चिकटून राहतं. दोन वजनांतला फरक म्हणजे काढलेलं फॅट. तळाची बेरी त्यात धरली जाते, पण तिचं वजन नगण्य. काटा १ ग्रॅमचा असेल तर अर्धा किलोपेक्षा कमी दह्यावर हा प्रयोग करू नका, चूक फार मोठी येते. दीड-दोन किलो दह्याचं एकदा मोजून तीच टक्केवारी पुढे वापरलेली बरी.

---

मोजमाप

दोघांचेही आभार. दूध होमोजिनाइज्डच आहे, म्हणजे लोणी निघण्याचा प्रश्नच नाही. मग कमी फॅटचं ताक करायचं तर दुधापासूनच बदल करायचा का? आणि पातळ ताकात प्रथिनं वाढवायला दूध पावडर घातली तर?

---

अदमुरं

हो, दुधापासूनच. १.५ टक्के फॅटच्या दुधाचं दही २०० ग्रॅम आणि पाणी १०० मिली असं प्रमाण घ्या. न घुसळता, नुसतं फेटून २५० ग्रॅमच्या ग्लासात साधारण ७७ कॅलरी, ५.७ ग्रॅम प्रथिनं, २.५ ग्रॅम फॅट, २०० मिग्रॅ कॅल्शियम पडतं. फॅट १०० ग्रॅमला १ ग्रॅम, म्हणजे तक्त्यातल्या लो-फॅटच्या जवळपास. पूर्ण स्किम दुधाचं दही घेतलं तर कॅलरी ५५-६० वर येतात, फॅट जवळजवळ शून्य होतं, बाकी आकडे तेच. चव मात्र जरा पाणचट आणि आंबटपणा टोचणारा लागतो, कारण फॅटमुळे येणारा गुळगुळीतपणा जातो.

पावडर घालायची तर विरजण लावण्याआधी, कोमट दुधात. १० ग्रॅम स्किम पावडर म्हणजे ३.६ ग्रॅम प्रथिनं, ३६ कॅलरी, १२५ मिग्रॅ कॅल्शियम आणि सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर). अर्धा लिटरला २० ग्रॅम पुरते. त्यापुढे दही चिकट होतं. तयार ताकात पावडर घालू नका. आंबट पातळ पदार्थात ती नीट विरघळत नाही, गुठळ्या होतात आणि कच्ची चव येते.

याच कारणाने परदेशी तक्त्यातलं ‘स्किम दही’ जपून वापरा. त्यात ५.७ ग्रॅम प्रथिनं आणि १९९ मिग्रॅ कॅल्शियम दिसतं, कारण तिथे दह्यात आधीच दुधाची भुकटी घातलेली असते. साध्या स्किम दुधाच्या घरच्या दह्याला ३.४-३.५ च्या पुढे धरू नका.

---

तक्रारदार

पाकिटांबद्दल. इथे ताकाला जाऊन भांडं लपवण्याचे प्रकार बरेच चालतात. पुढे मोठ्या अक्षरांत ‘लो फॅट’ आणि मागे आकडे १०० मिलीचे, पाकीट मात्र २०० किंवा ५०० मिलीचं. कॅलरीआधी सोडियमची ओळ वाचा.

दुधात नैसर्गिक सोडियम १०० ग्रॅमला ४०-४५ मिग्रॅ असतं. दुप्पट पाणी घातलेल्या बिनमिठाच्या ताकात साहजिकच १५ च्या आसपास. त्याच्या वर लेबलवर जे दिसेल ते बाहेरून आलेलं, बहुतेक मीठच. कल्चर्ड बटरमिल्कच्या वेगवेगळ्या नोंदींत १०५ ते १९० मिग्रॅपर्यंत सोडियम सापडतं, म्हणजे २५० ग्रॅमला २६० ते ४७५. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिग्रॅच्या आत आहे. घरी पाव चमचा सपाट मीठ घातलं तरी ते साधारण दीड ग्रॅम, म्हणजे ५९० मिग्रॅ सोडियम. रक्तदाब असलेल्या माणसाने ताकातली १८ कॅलरींची बचत मोजायची आणि हे सोडून द्यायचं, यात काही अर्थ नाही.

घटकांच्या यादीत पाणी पहिलं असेल तर ते पातळ ताक, दूध किंवा स्किम दूध पहिलं असेल तर दाट. एवढ्यावरूनही प्रथिनांचा अंदाज येतो: १०० ग्रॅमला १ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतील तर दोन भाग पाणी आहेच.

कर्बोदकांच्या आकड्याबद्दलही थोडं. तक्त्यात बहुतेक वेळा ती वजाबाकीने काढतात, म्हणजे एकूणातून पाणी, प्रथिनं, फॅट आणि राख (म्हणजे खनिजं) वजा. आंबताना तयार झालेलं लॅक्टिक आम्ल त्यातच धरलं जातं. त्यामुळे ४.८ लिहिलं असलं तरी प्रत्यक्ष लॅक्टोज ३.५ ते ४ ग्रॅमच असतं.

---

सायीखालचं

लॅक्टोजचा विषय निघालाच आहे म्हणून. ज्यांना दूध बाधतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारशा त्रासाशिवाय चालतं. दाट बटरमिल्कच्या ग्लासात ९-१० ग्रॅम, वरच्या पातळ ताकाच्या ग्लासात ३-३.५ ग्रॅम. त्यामुळे पातळ ताक सहसा सोसतं, आणि त्याचं कारण पुन्हा पाणीच.

एक बारीक फरक आहे. योगर्टच्या विरजणातले जिवाणू (स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस) आपल्याबरोबर लॅक्टेज (लॅक्टोज फोडणारं विकर) घेऊन आतड्यापर्यंत जातात आणि तिथे उरलेलं लॅक्टोज फोडायला मदत करतात. लॅक्टोकॉकस लॅक्टोज वेगळ्या मार्गाने पचवतो, त्यामुळे कल्चर्ड बटरमिल्कमध्ये ती मदत तेवढी मिळत नाही. ताक उकळलं तर दोन्ही जिवाणू मरतात. प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र उकळूनही तेवढीच राहतात. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे पातळ, आंबट, लो-फॅट कसलंच ताक चालत नाही.

मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम-फॉस्फरस मोजायला सांगितलेलं असेल तर दाट ग्लासात अंदाजे ३७५ आणि २२० मिग्रॅ, पातळ ग्लासात १३० आणि ८०. पाकिटात फॉस्फेटयुक्त स्थिरक असेल तर तो फॉस्फरस अधिक सहज शोषला जातो, म्हणून घटकांची यादी बघावी. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिनची गोळी आणि ताक यांत चार तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियममुळे गोळी नीट शोषली जात नाही. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांच्या बाबतीतही अंतर लागतंच. किती, ते डॉक्टरांना विचारा.

---

दोन_घोट

ताक जितकं आंबट तितकं कॅल्शियम जास्त, आणि ताकाने चरबी जळते, असं वाचलंय. त्यात तथ्य किती?

---

अदमुरं

चरबी जळत नाही. ३२ कॅलरींचं पेय १५० कॅलरींच्या पेयाच्या जागी घेतलं तर फरक पडतो, तो त्या ११८ कॅलरींचा.

आंबटपणाने कॅल्शियम वाढत नाही, फक्त जागा बदलतं. गोड दुधात बरंचसं कॅल्शियम केसीनच्या कणांना बांधलेलं असतं, आम्लता ४.६ पीएचच्या आसपास आली की ते सुटून पाण्याच्या भागात विरघळतं. म्हणून दही फडक्यात टांगून पाणी टाकून दिलं तर कॅल्शियमचा मोठा भाग जातो. ताकात काहीच टाकलं जात नाही, त्यामुळे नुकसान नाही.

---

रवीदोर

टाकलं जात नाही, पण ताक न ढवळता ओतलं तर तोच परिणाम होतो. पातळ ताक तासभर उभं राहिलं की केसीन खाली बसतं आणि वर निवळ येते. वरच्या निवळीत विरघळलेलं कॅल्शियम, पोटॅशियम, लॅक्टोज आणि बी२ असतं (तिचा हिरवट-पिवळा रंग बी२चाच), पण प्रथिनं फार थोडी. दह्याच्या नुसत्या निवळीतच ती १०० ग्रॅमला एक ग्रॅमच्या आत असतात, दुप्पट पाण्यानंतर त्याचाही तिसरा हिस्सा. म्हणजे वरचे दोन ग्लास जवळजवळ प्रथिनांशिवाय आणि तळाचा ग्लास दाट. ओतण्याआधी तळापासून ढवळा, तरच सूत्रातून आलेला आकडा प्रत्येक ग्लासाला लागू होतो.

बी२ उजेडाने नासतं, त्यामुळे पारदर्शक बाटली खिडकीत ठेवू नका.

प्रयोगशाळेच्या आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एक तपशील: लोणी काढलेल्या ताकात फॅटच्या कणांभोवतालचं पापुद्र्यासारखं आवरण फुटून उतरलेलं असतं, आणि त्यातले फॉस्फोलिपिड (फॉस्फरसयुक्त स्निग्ध घटक) स्किम दुधाच्या कित्येक पट असतात. गर्बर पद्धतीत, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल घालून ब्युटिरोमीटर फिरवण्याच्या चाचणीत, ते पूर्ण मोजले जात नाहीत. द्रावकाने फॅट ओढून काढण्याच्या रोझ-गॉटलिब पद्धतीत ते येतात. त्यामुळे एकाच ताकाचे दोन अहवाल थोडे वेगळे आले तर लगेच कोणावर संशय घेऊ नका.

---

मोजमाप

म्हणजे माझ्या बाबतीत नोंद अशी: १.५ टक्के दुधाचं दही २०० ग्रॅम, पाणी १०० मिली, मीठ शून्य, २५० मिलीच्या ग्लासाला ७७ कॅलरी आणि ५.७ ग्रॅम प्रथिनं. मिक्सरमधून काढून लगेच ग्लासात ओतायचं. बरोबर?

---

तक्रारदार

आकडे बरोबर, पण मिली नको, ग्रॅम लिहा. मिक्सरमधून नुकतंच काढलेलं ताक फेसाळ असतं. ग्लास काठोकाठ दिसतो आणि वजन २५० पेक्षा बरंच कमी भरतं. ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा आणि मग ओता. आणि मिक्सरच्या भांड्याला चिकटलेलं दही ५० मिली पाण्याने खंगाळून घेत असाल, तर तेही पाण्याच्या १०० मध्येच धरा.